दहा कांगारू अन् बाबाचं लॅमिनेशन

थांबा. हे मले आत्ताच सांगायचं आहे, आत्ताच्या आत्ता, कारण उद्यापर्यंत थांबली तं मी हे मनातल्या मनात दाबून टाकीन अन् मंग कोणालेच सांगणार नाही. टायपिंगमध्ये चुका होतीन, होऊ द्या. गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या जुन्या पोस्टाच्या तिकिटांची आहे. हसू नका. चिखलीत बसून ऑस्ट्रेलियाची तिकिटं जमवणारी पोरगी म्हटलं की सगळेच हसतात. माह्या मावशीनं तं सरळ विचारलं होतं, "नवरा तिकडचा पाह्यला काय वं?"

तसं काही नाही. दहा तिकिटं होती. त्यातली नऊ माही नव्हती. एका म्हाताऱ्या माणसानं डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधी माह्याजवळ ठेवायले देल्ली होती, अन् डोळा उघडला की त्याले पहिले तीच पाह्यची होती. माहं काम एवढंच होतं, सांभाळणं. ते जमलं नाही. कसं जमलं नाही ते सांगते.

तो म्हातारा माणूस म्हणजे चाचा. नात्यातले नाही. चिखलीत आमच्या दुकानासमोर, गल्लीच्या पलीकडं, त्याहीचं बाइंडिंगचं दुकान होतं. कोर्टाचे रजिस्टर, शाळेचे हजेरीबुक, फाटलेले कुराण, फाटलेल्या पोथ्या, सगळं त्याहीच्याकडं शिवायले यायचं. मी नववीत असताना बाबानं मले पावतीपुस्तकं बांधायले तिकडं धाडलं. पाह्यते तं काय, चाचा एका परातीत पाणी घेऊन बसले अन् पाण्यावर रंगीत रंगीत चौकोन तरंगून राह्यले.

"चाचा, हे काय धुऊन राह्यले?"

"कांगारू."

मले वाटलं गंमत करून राह्यले. पण जवळ जाऊन पाह्यलं तं खरंच. एवढंसं लाल तिकीट, मधात ऑस्ट्रेलियाचा पांढरा नकाशा, अन् नकाशात एकटा उभा कांगारू. बाकी काही नाही. ना राजा, ना झेंडा. एवढा मोठा देश अन् त्यात एकच जनावर. मले ते पाहून काय झालं ते मी आजही सांगू शकत नाही. मी हात घालायले गेली तं चाचानं माह्या मनगटावर पट्टी मारली. खरंच मारली, लाकडाची.

"हात नाई लावाचा बेटी. अंगठ्याले तेल असते. आज लावलं तं आज नाई दिसत. दहा वर्षानं दिसते."

तेव्हापासून मी रोज तिकडं. शाळा सुटली की चाचाचं दुकान. आई ओरडायची, "पावतीपुस्तक बांधाले गेली ती, का सोताच बांधल्या गेली?" पण मी काय शिकली सांगू! पाण्यात तिकीट सुटायची वाट पाह्यची, ओढायचं नाही. चिमट्यानं उचलायचं. टिपकागदावर पालथं वाळवायचं, वर जाड पुस्तक ठेवायचं. मंग बटर पेपरची बारीक पट्टी, तिले डिंक लावून तिचं दाराच्या बिजागरीसारखं करायचं, म्हणजे तिकीट पानाले चिकटते पण उचलून मागचंही पाह्यता येते. ते मागचं पाह्यणं म्हणजे चाचाचा जीव की प्राण. त्याहीच्याकडं काळ्या फरशीचा एक तुकडा होता. त्यावर तिकीट पालथं ठेवायचे, लायटरमधल्या पेट्रोलचे दोन थेंब टाकायचे, अन् म्हणायचे, "पाय आता. पापणी नको हलवू."

अन् मंग त्या कोऱ्या कागदातून हळूच एक मुकुट वर यायचा. मुकुटाखाली इंग्रजी ए. कागद बनवतानाच आत दाबलेला वॉटरमार्क. दोन क्षण राह्यचा अन् पेट्रोल उडालं की गायब.

"गेलं. पाह्यलं का?"

"पाह्यलं!"

"मंग लिही. तोंड तं सगळेच पाह्यतात. याची जात पाठीवर लिहेल असते."

चाचाजवळ अल्बमचं एक पान होतं, त्याच दहा तिकिटांचं. खामगावची कापसाची एक जुनी जिनिंग पाडली तेव्हा तिथली रद्दी त्याहीनं पुठ्ठ्यासाठी उचलली होती. पोत्यात हिशेबाच्या वह्या, अन् वह्यांत अडकलेली काही पाकिटं. ऑस्ट्रेलियाहून कोणी तरी कापसाच्या साहेबाले लिहिलेली. त्या पाकिटांवर पहिले तीन कांगारू सापडले, हिरवा अर्ध्या पेनीचा, लाल एक पेनीचा, करडा दोन पेनीचा. ऑस्ट्रेलिया एक देश झाल्यावर त्याहीचे हे अगदी पहिले तिकीट, शंभर वर्षाच्या वरचे. मंग चाचाले चटकच लागली. शेवाळी तीन, नारिंगी चार, विटकरी पाच, निळा सहा, जांभळा नऊ, अन् पोपटी एक शिलिंग. कोणाशी अदलाबदल करून, कोणाले पत्र लिहून, एकेक. चाळीस वर्षं लागली. नऊ झाले. दहाव्याची जागा मधातच रिकामी होती, अडीच पेनीचा, गडद निळीच्या रंगाचा. चाचानं त्या जागेवर पेन्सिलीनं चौकट आखून ठेवली होती. पान सोता बनवलेलं, जाड, फुलस्केप, अल्बममधून स्क्रू काढून सुटं करता येणारं.

आता बाबाचं सांगते. बाबाचं दुकान म्हणजे झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म अन् लॅमिनेशन. तहसीलजवळ. झेरॉक्स सगळेच काढतात, पण लॅमिनेशनले लोक बाबाकडंच येतात, कारण बाबा बुडबुडा येऊ देत नाही. पाऊच मशीनमध्ये सोडताना त्याहीचा चेहरा पाह्यजा तुम्ही, सुईत दोरा ओवल्यासारखा. आमच्या इकडं ज्या कागदावर जीव असते तो कागद माणूस प्लास्टिकात घालते. टीसी, सातबारा, आजोबाचा एकुलता एक फोटो, आरती, डॉक्टरची चिठ्ठी. एक बाई तिच्या मेलेल्या भावाचं पोस्टकार्ड घेऊन आली होती, बाबानं तिच्याकडून काहीच घेतलं नाही. माही दहावीची मार्कशीट बाबानं निकालाच्या दिवशीच लॅमिनेट केली. कॉलेजातल्या बाबूनं ती उलटसुलट केली अन् म्हणला, "आता याच्यावर शिक्का कुठी मारू, प्लास्टिकावर?" बाबाले ते ऐकून वाईट नाही वाटलं. उलट म्हणले, "शिक्का नाई लागला तं नाई लागला. पानी तं नाई लागणार."

बाबाले माह्या तिकिटांचं काही कळत नव्हतं पण कौतुक होतं. एकदा चाचाच्या दुकानात चहाले आले तं दोन पेनीच्या करड्या कांगारूकडं पाहून म्हणले, "चाचा, याले तं उधई लागली." त्या तिकिटात वाळवीनं खाल्ल्यासारखी बारीक बारीक भोकं आहेत, दोन इंग्रजी अक्षरं होतात त्याची.

चाचा म्हणले, "उधई नाई भाऊ. सरकारी तिकीट हाय. बाबू लोकानं घरी चोरून नेऊ नये म्हून भोकं पाडले."

"म्हणजे आपल्या तहसीलीत पेनाले सुतळी बांधतात तसं."

दोघं इतके हसले, इतके हसले की चाचाले ठसका लागला.

त्याच दिवशी घरी येता येता बाबा म्हणले, "बाई, तुह्या चाचाचं ते पान लय नाजूक हाय वं. दे आणून, लॅमिनेशन करून देतो. मस्त राहीन."

आता पहा. इथं. इथंच माही चूक आहे. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की बाबा, तिकिटाले प्लास्टिक लावलं तं तिकीट मरते. पाठ कायमची बंद होते, डिंक वितळते, रंग जाते, काहीच राह्यत नाही. पण बाबाचं तोंड एवढं खुशीत होतं, अन् त्याहीले तेवढं एकच काम असं येते की ज्याचं त्याहीले नाव आहे. मी कशी सांगू की तुमचं काम म्हणजे आमच्या धंद्यात खून? मी टाळलं. मी म्हणली, "अजून एक जागा खाली हाय ना बाबा. पूर्ण होऊ द्या, मंग पाहू."

बाबानं तीन-चारदा विचारलं असंन, वर्षादोन वर्षात. दर वेळेस मी तेच म्हणली. पूर्ण होऊ द्या. मले वाटायचं मी लय हुशार आहे.

मंग चाचाचे डोळे गेले. एक काचबिंदूनं आधीच नेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू वाढत होता अन् चाचा कोणाले सांगत नव्हते. शिवण वाकडी यायले लागली तेव्हा गिऱ्हाइकाईले कळलं. चाचाचा मुलगा धाड गावाले राह्यते, त्यानं येऊन दुकान रिकामं केलं अन् चाचाले घेऊन गेला. जायच्या दिवशी चाचानं मले ते पान फोल्डरमध्ये घालून देल्लं.

"तिकडं लेकरं हाय, सुनेचं, तुह्या भाभीचं घर हाय, कोन कुठी ठेवीन. तुह्याजवळ राहू दे. ऑपरेशन झालं की घेऊन येजो. पहिले कांगारू पाह्यतो, मंग बाकीची दुनिया."

मी म्हणली, "तोपर्यंत मी दहावा आणून लावते."

"तू? आन मंग!" चाचा हसले. त्याहीले वाटलं पोरगी बोलून राह्यली.

पण मी आणला! आणला मी! तिकीट जमवणाऱ्याहीचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, त्यात दक्षिणेतल्या एका काकाजवळ अडीच पेनीचा निळा कांगारू दोन होते. त्याले बदल्यात माहं टास्मानियाचं तिकीट पाहिजे होतं, ज्याच्यावर डोंगर अन् तळं आहे. ते चाचानं मले दहावी पास झाल्यावर देल्लं होतं अन् आम्ही दोघं त्याले लोणारचं तिकीट म्हणायचो. मी तीन दिवस विचार केला अन् धाडून देल्लं. निळा कांगारू रजिस्टर पोस्टानं आला, दोन कार्डांच्या मधात. त्याचा निळा पाह्यजा तुम्ही, दौत सांडल्यावर शाईचा डाग राह्यते ना, तसा. मी घरच्या ओट्याच्या काळ्या फरशीवर पाठ पाह्यली, मुकुट आला, ए आला. बटर पेपरची पट्टी लावली अन् चाचाच्या पेन्सिलीच्या चौकटीत बसवला. नाचली मी. खरंच घरात नाचली. आईले दाखवलं, बाबाले दाखवलं. "पहा बाबा, दहा! पूर्ण झालं!"

हो. मी सोता म्हणली. पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीले परीक्षेले गेली. तीन दिवस. परत आली ती सरळ स्टँडवरून दुकानात, बॅग खांद्यावर. दुपारची वेळ, दाखल्यांचे दिवस, दुकानात सात-आठ माणसं उभी. बाबा मले पाहून काउंटरच्या बाहेरच आले.

"डोळे झाक."

"बाबा, आधी चहा तं पिऊ द्या."

"झाक म्हणलं ना वं."

मी झाकले. माह्या हातात काहीतरी ठेवलं. गुळगुळीत. थंड. कोपरे गोल कापलेले. मी डोळे उघडायच्या आधीच मले कळलं होतं. बोटानं कळलं.

दहाही कांगारू प्लास्टिकात. एक बुडबुडा नाही. बाबानं जाड पाऊच वापरला होता, दोन वेळा मशीनमधून काढला होता. लाल कांगारूखालची पट्टी उष्णतेनं सरकली होती, तो तिरपा झाला होता. हिरव्याभोवती डिंकाचा पिवळा ओघळ. अन् निळा, माहा निळा, चकाकून राह्यला होता, एखाद्या स्टिकरसारखा.

"चाचाले आता कितीही वर्षं पाह्यता येईन," बाबा म्हणले. "हात लावला तरी काई होत नाई. पूर्ण झालं म्हणली ना तू, म्हणलं परीक्षेहून येईपर्यंत करून टाकतो."

मी काय बोलली ते मले इथं लिहावं वाटत नाही, पण लिहिते. सात-आठ माणसांसमोर मी ओरडली, "तुमाले अक्कल हाय का बाबा? हे माहं होतं का? कोनी सांगतलं होतं तुमाले? सत्यानाश केला तुम्ही!" मी आयुष्यात बाबाले असं बोलली नव्हती. मशीन तापून तयार होतं, त्याचा दिवा लागलेला. एका माणसानं विचारलं, "काय झालं हो?"

बाबा म्हणले, "काई नाई. पोरीचा पेपर अवघड गेला असंन."

सगळ्याहीसमोर माही बाजू सावरली त्याहीनं. मी एवढं बोलली तरी.

त्या दिवशी दुकान बंद झाल्यावर बाबानंच ब्लेड आणलं. "काढतो. मीच काढतो." त्याहीनं कोपऱ्यातून, हिरव्या कांगारूच्या बाजूनं, इतकं हळू, इतकं हळू प्लास्टिक सोडवलं. सुटलं. पण तिकीट मधातून उभं फाटलं नाही, आडवं फाटलं. म्हणजे असं, कागदाचे दोन पापुद्रे झाले. कांगारू प्लास्टिकावर गेला अन् पाठ पानावर राह्यली. बाबानं ब्लेड खाली ठेवलं. मले म्हणायचं होतं, राहू द्या बाबा. मी नुसतं ब्लेड उचलून खणात ठेवलं.

मंग मी नेटवर शोधलं. कोणी म्हणे फ्रीजमध्ये ठेवा, प्लास्टिक सुटते. मी फ्रीजरमध्ये ठेवलं. आई म्हणली, "मेलेलं जनावर ठेवलं का तिथं?" मंग तिलेच वाईट वाटलं, कारण मी रडायले लागली. फ्रीजनं काही झालं नाही. ड्रायरनं काही झालं नाही. ग्रुपवर फोटो टाकला तं एकानं लिहिलं, आता हे शोभेचं पान समजा. दक्षिणेतल्या काकानं काहीच लिहिलं नाही. ते सगळ्यात वाईट होतं.

दुकानात बाबानं मशीनवर कागद चिकटवला, लॅमिनेशन बंद आहे. लोक विचारायचे, बिघडली का? बाबा मान हलवायचे. ती पोस्टकार्डवाली बाई परत आली होती, आता आईचा फोटो घेऊन, तिलेही परत पाठवलं. आमच्या दोघाचं बोलणं म्हणजे जेवायला चाल, हो. पाणी दे, हो.

अन् मंग चाचाचा फोन आला.

"बेटी! दिसून राह्यलं! भिंतीवरची पाल दिसून राह्यली, भाभीच्या बांगड्या दिसून राह्यल्या, मुलाचे केस पांढरे झाले ते आज कळलं मले! कधी येतं? कांगारू घेऊन ये."

मी म्हणली, तब्येत बरी नाही. पुढच्या आठवड्यात म्हणली, कॉलेजात काम आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणली, येते येते. चाचा म्हणले, "अवं, डोळा जुना होऊन राह्यला ना." अन् हसले. मी फोन ठेवला अन् मोरीत जाऊन बसली.

एक दिवस सकाळी बाबानं इस्त्रीचा शर्ट घातला. "चाल. धाडले जाऊ. माह्या हातानं झालं, माह्या तोंडानं सांगतो."

एसटीनं बुलढाणा, तिथून जीप. बाजाराचा दिवस होता, जीपमध्ये मेथीच्या जुड्या, कोंबड्या, अन् आमच्या मधात तो फोल्डर. बाबानं तो पूर्ण रस्ता मांडीवर सपाट धरला होता, दोन्ही हातानं. आता त्याले काय होणार होतं? तरी धरला होता.

चाचा ओसरीत खाटेवर बसले होते, काळा चष्मा लावून. मले पाहून उभे राह्यले. मले पाहून, म्हणजे खरंच पाहून. "किती वाळली वं तू!" भाभीनं पाणी आणलं. मी फोल्डर उघडायच्या आत बाबा बोलले, "चाचा, माह्या हातून चूक झाली. पोरीचा काई दोष नाई. मले वाटलं चांगलं राहीन."

चाचानं कागद हातात घेतला. हात लावताच बोटं थांबली. चष्मा काढला. पण उन्हाची तिरीप प्लास्टिकावर पडली अन् ती चमक सरळ त्या नव्या डोळ्यात गेली, त्याहीले पापणी मिटावी लागली. त्याहीनं कागद तिरपा केला. अजून तिरपा केला. डोळ्याजवळ नेला, खाली नेला. ज्या दहा तिकिटांसाठी डोळा उघडला होता ती दिसावी म्हणून त्या माणसानं किती कोन बदलले, मी मोजत नव्हती, मी पायाकडं पाहत होती. मंग एकदम म्हणले, "निळा? निळा आला?"

"हो चाचा. मी आणला."

"सुभानल्ला." हळूच म्हणले. अंगठा निळ्यावरून फिरवला, प्लास्टिकावरून. ज्या अंगठ्याले तेल असते म्हणून माह्या मनगटावर पट्टी मारली होती, तोच अंगठा. मंग त्याहीनं कागद पालथा केला. सवयच ती. पानाची मागची बाजू, त्यावरही प्लास्टिक. तिथं काहीच नव्हतं. ते तिथं लय वेळ पाहत राह्यले.

मंग बाबाकडं पाहून म्हणले, "अरे भाऊ, यात चूक कोनती? मस्त केलं. माह्या घरात लेकरं, पानी, कसर. आता काई होत नाई याले. बुडबुडा बी नाई. काय सफाई हाय हातात!"

बाबाचा चेहरा तुम्ही पाह्यला असता. महिनाभराची सगळी धूळ एका फुंकरीत गेल्यासारखा. "मी हेच म्हणत होतो! पोरगी उगाच घाबरली. तो एक कोपरा तेवढा माह्याकडून, सोडवता सोडवता..."

"होते भाऊ. चहा घ्या."

चहा झाला. बाबा बाहेर जीपची चौकशी करायले गेले. चाचानं मले जवळ बोलावलं अन् हळू आवाजात विचारलं, "बेटी, खरं सांग. एखाद्याची तरी पाठ राह्यली का?"

मी मान हलवली. नाही.

"बरं." एवढंच. मंग भाभीले सांगून त्याहीनं आतून पत्र्याचा डबा आणवला. सुटी तिकिटं, चिमटा, काळी फरशी, सगळं त्यात. माह्या हातात देल्लं. मी म्हणली, "नको चाचा, तुमाले आता दिसून राह्यलं ना, तुम्ही पहा." त्याहीनं चष्मा लावला. काळा. "आता मन नाई होत वं. घेऊन जा. अन् बापाले काई सांगू नको. लय प्रेमानं केलं त्यानं." पान मात्र त्याहीनं ठेवून घेतलं. आम्ही निघेपर्यंत भाभीले सांगून भिंतीवर लावलंही, बाबाले दिसावं म्हणून.

जीपमध्ये बाबा एवढे बोलले, एवढे बोलले! महिनाभराचं सगळं. मालकानंच मस्त म्हटलं मंग आपण कोन, असं. मी डबा पोटाशी धरून बसली होती. बुलढाणा जवळ आलं तेव्हा बाबानं डब्याकडं पाह्यलं अन् म्हणले, "यातले बी देल्ले का त्याहीनं? चांगलं झालं. एकेक पान बनव, मी करून देतो. यावेळेस तुले विचारून करतो."

मी डब्याचं झाकण दाबून घट्ट केलं.

दुसऱ्याच दिवशी दुकानातला कागद निघाला, मशीन सुरू झालं. ती बाई आईचा फोटो घेऊन आली, बाबानं केला. प्रत्येक गिऱ्हाइकाले सांगून राह्यले की शंभर वर्षाची ऑस्ट्रेलियाची तिकिटं केली म्या, धाडच्या चाचानं भिंतीवर लावली. अन् मले रोज विचारून राह्यले, पानं झाली का बाई. मी डबा पेटीत, स्वेटरच्या खाली ठेवला. आपल्याच बापापासून लपवून ठेवला, ज्या माणसानं आजवर माहं एक चिटोरं हरवू देल्लं नाही.

चाचाले दोनदा फोन केला. भाभी म्हणली, झोपले. सकाळचे अकरा वाजले होते. मंग तिनंच सांगितलं, "काय माईत बाई, दिसते सगळं, पण पाह्यतच नाई कुनीकडं."

मी आता काय करू ते मले खरंच कळून नाही राह्यलं. बाबाले खरं सांगितलं तं चाचाचं खोटं उघडं पडते, अन् बाबा परत त्या मशीनले हात लावतीन असं मले वाटत नाही. नाही सांगितलं तं मी एखाद दिवशी घरी नसीन अन् पेटी उघडी राहीन. काल तोंडापर्यंत आलं होतं. बाबा एका पोराची मार्कशीट सोडत होते मशीनमध्ये, श्वास धरून, अन् मी तशीच परत फिरली.

तुमच्यासंग झालं काय हो असं कधी? कोणी जीव लावून तुमच्या वस्तूचं वाटोळं केलं, अन् त्याले माहीतच नाही, असं? सांगितलं काय तुम्ही त्याले? कसं सांगितलं? कोणत्या शब्दानं सुरुवात केली?